राउटर बदलू का? आधी एक वायर लावून बघा

रात्री नऊच्या सुमारास आमच्या सोसायटीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "अहो, नेट परत अडकतंय. नवा राउटर घेऊन टाकू का? कुठला घेऊ?" हा माझा धंदा नाही. एकदा वरच्या मजल्यावरच्या काकूंची टीव्हीमागची वायर नीट बसवून दिली, तेव्हापासून सोसायटीचा नेटवाला मीच. इतकी वर्षं लोकांच्या टीव्हीमागे वाकून एवढं कळलंय, की राउटर दोषी असतो, पण क्वचित. बहुतेकदा घोटाळा त्याच्या अलीकडे असतो, म्हणजे घरात येणाऱ्या लायनीत, नाहीतर पलीकडे, म्हणजे हवेत आणि भिंतींत. या दोन्ही दुखण्यांवर नवा राउटर हे औषध नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने कुणाला न विचारता सहा शिंगांचा, साडेपाच हजारांचा राउटर आणला. दोन दिवस सगळे खूष. मग पुन्हा तेच. गेलो, बघितलं, तर फायबरची वायर कपाटाच्या दारामागून गेलेली. दार पूर्ण उघडलं की वायर चेमटायची आणि नेट जायचं. घरातली माणसं ऑफिसातून येऊन संध्याकाळी कपाट उघडायची, म्हणून सगळ्यांची समजूत की संध्याकाळी नेट जातं.

म्हणून पाकिटाला हात घालण्याआधी हे सगळं क्रमाने करा. सुरुवातीचं फुकट आहे, पुढचं थोडं खर्चाचं.

आधी लक्षणं

"नेट स्लो आहे" हे ताप आल्यासारखं आहे. त्यावरून रोग कळत नाही. तुमचं दुखणं यांतलं कुठलं, ते ठरवा.

- एकाच खोलीत रडतं, राउटरजवळ छान चालतं: जागेचा किंवा भिंतीचा प्रश्न.
- एकाच फोनवर किंवा टीव्हीवर रडतं: त्या उपकरणाचा प्रश्न. राउटरला शिव्या देऊ नका.
- वायफायचं नावच गायब होतं आणि दोन मिनिटांनी परत येतं: राउटर बंद पडून पुन्हा सुरू होतोय. बहुधा अ‍ॅडॅप्टर, नाहीतर गरम होणं.
- वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या, पण नेट नाही: लाइनचा प्रश्न.
- सकाळी उत्तम, रात्री आठ ते अकरा सगळीकडे रडारड: एकतर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची गर्दी, नाहीतर पुरवठादाराकडची गर्दी. दोन्ही बाहेरून अगदी सारख्याच दिसतात. वेगळ्या कशा ओळखायच्या ते पुढे.
- प्लॅन २०० एमबीपीएसचा (सेकंदाला २०० मेगाबिट), पण कुठेही, कधीही ९४-९५ च्या वर जात नाही: पोर्ट (राउटरची वायर खोचायची खाच) किंवा वायर. हे मला सगळ्यात आवडतं लक्षण, कारण ते खोटं बोलत नाही.
- घरातल्या कुणीतरी फोनचे फोटो वर चढवायला लावले की बाकीच्यांचं अडकतं: अपलोड तुंबलंय.

एक कागद फ्रिजवर चिकटवा आणि दोन दिवस नोंद ठेवा. वेळ, खोली, कुठलं उपकरण, राउटरवर कुठले दिवे होते. आठवणीवर विसंबू नका. "नेहमी जातं" असं सांगणाऱ्या घरात कागदावर तीनदाच गेलेलं निघतं, आणि तिन्ही वेळा मिक्सर नाहीतर मायक्रोवेव्ह चालू असतो. (मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. वायफायचा जुना पट्टा २.४ चा. म्हणजे दोघे एकाच गल्लीत.)

एकाचं की सगळ्यांचं

दोन मिनिटांचं काम. ज्याचं नेट अडकलंय त्याच्या शेजारी, त्याच जागी दुसरा फोन धरा. दोन्हींवर स्पीड टेस्ट करा, पण दोन्हींचा मोबाइल डेटा बंद करून. हे न केल्याने मी स्वतः एकदा अर्धा तास फसलोय: फोन गुपचूप मोबाइल डेटावर गेला होता आणि मी राउटरची तारीफ करत बसलो होतो.

दुसरा फोन छान चालला तर पहिल्याचं वायफाय "विसरा" करून पुन्हा जोडा, बॅटरी वाचवण्याची सोय बंद करा, बस. जुन्या स्वस्त फोनमध्ये आणि बऱ्याच जुन्या टीव्हींत फक्त २.४ गिगाहर्ट्झचाच रेडिओ असतो. त्यांच्यापुढे दहा हजारांचा राउटर ठेवला तरी ते आपल्या चालीनेच चालणार.

इथेच एक हिशेबही करून टाका. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोडचा आकडा पुष्कळदा मेगाबाइटमध्ये दिसतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० चा प्लॅन असेल तर साडेबाराच दिसायला हवेत. "शंभराचे पैसे घेतात आणि बारा देतात" ही तक्रार घेऊन आलेल्या गृहस्थांना मी चहा पाजून परत पाठवलंय.

दिवे बघा, बटण दाबू नका

फायबरच्या डब्यावर (फायबरची वायर घरात जिथे येऊन संपते तो) 'पॉन' नावाचा दिवा हिरवा आणि स्थिर हवा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर उजेडच घरापर्यंत पोचत नाही. तपासणी तिथेच संपली. राउटरशी त्याचा संबंध नाही. पुरवठादाराला फोन करा.

तोवर एवढंच करू शकता: वायर कुठे चेमटली, दुमडली, कपाटाखाली गेली, उंदराने कुरतडली का ते नजरेने बघा. फायबरमध्ये काचेचा केसासारखा धागा असतो. बांगडीपेक्षा लहान वळण त्याला देऊ नका. वायर कुठे घट्ट गुंडाळून खिळ्याला टांगली असेल तर अलगद सैल करा. टोकाची टोपी उपसून आत डोळा लावून बघणं, फुंकर मारणं, शर्टाने पुसणं, यातलं काहीही करू नका. आतला लेसर डोळ्याला दिसत नाही, आणि टोकावर बसलेला धुळीचा कणही सिग्नल खातो.

सगळे दिवे ठीक असतील तर राउटर बंद करा, मिनिटभर थांबा, चालू करा. फायबरचा डबा वेगळा असेल तर आधी तो, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर. यामुळे बरं वाटतं, पण याला उपाय समजू नका. रोज एकदा बंद-चालू करावं लागत असेल, तर ते लक्षण आहे आणि कागदावर लिहायचं आहे.

राउटरच्या मागे टाचणीने दाबायचं एक बारीक भोक असतं. तिकडे जाऊ नका. ते रीसेटचं. दाबलंत की पुरवठादाराने भरलेलं नाव, पासवर्ड, सगळं धुऊन निघतं, आणि रविवारी रात्री ते पुन्हा भरून द्यायला कुणी येत नाही.

जागा

माझ्या अनुभवात अर्धी घरं इथेच बरी होतात, आणि खर्च शून्य. राउटर जिथे वायर येते तिथे बसवला जातो, म्हणजे दाराजवळच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, सेट टॉप बॉक्सच्या डोक्यावर, वर एक विणलेला रुमाल. बिचारा तिथे भाजत असतो आणि त्याचा अर्धा सिग्नल जिन्यात जातो. शेजाऱ्यांना तुमचं वायफाय तुमच्या बेडरूमपेक्षा छान मिळत असेल तर जागा चुकली समजा.

टीव्हीचा मागचा पत्रा, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याचं पिंप, माशांची टाकी, देवघराची पितळी मढवणूक, हे सगळे सिग्नल अडवतात. धातू तो परतवतो, पाणी तो पिऊन टाकतं. राउटर उघड्यावर, छातीच्या उंचीला किंवा वर, घराच्या मधल्या भागात हवा. चार-पाच मीटर जादा वायर लागली तर लागू दे. मात्र फायबर स्वतः ओढू नका. फायबरचा डबा आहे तिथेच राहू दे आणि त्याच्यापासून पुढे साधी लॅनची वायर (राउटर, कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची) घ्या.

भिंतींचं वेगळं शास्त्र आहे. रत्नागिरीकडे माझ्या मामांचं चिऱ्याचं घर. राउटर ओटीवर, आणि माजघरात नेट शून्य. मामांनी आधीच दोन राउटर बदलले होते, तिसरा घ्यायच्या तयारीत. हातभर जाड जांभ्याच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे वायफायच्या दुसऱ्या पट्ट्याचा सिग्नल जातच नाही, २.४ चा कसाबसा झिरपतो. हजारो रुपयांचा राउटरही तिथे तेच करणार, कारण रेडिओ किती ताकदीचा असावा याला सरकारी मर्यादा आहे आणि महागडा राउटर ती ओलांडत नाही. शिवाय तुमच्या फोनचा आवाज तेवढाच बारीक राहतो. राउटर मोठ्याने बोलला तरी फोनचं उत्तर त्याला ऐकू यायला हवं. मामांकडे उपाय वेगळा निघाला, तो शेवटी सांगतो.

अ‍ॅडॅप्टर

नेट जाण्याऐवजी राउटरच मरून जिवंत होत असेल, तर पहिला संशय त्या काळ्या डबीवर. तिच्यातले कपॅसिटर उन्हाळे खाऊन म्हातारे होतात. रिकामी असताना ती १२ व्होल्ट दाखवते, पण राउटरने जोर लावला, म्हणजे संध्याकाळी चार जण एकदम बसले, की व्होल्टेज ढासळतं आणि राउटर कोसळतो. म्हणून मल्टिमीटरने नुसती पिन मोजून "ठीक आहे" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. बदलून बघणं हीच खरी परीक्षा.

राउटरच्या पोटाखाली लिहिलेलं वाचा: १२ व्होल्ट १ अँपियर, ९ व्होल्ट ०.६ अँपियर असं काहीतरी. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. अँपियर तेवढे किंवा जास्त चालतील, कमी नाही. पिनमधल्या अधिक-उण्याची छोटी खूणही तीच हवी. दिवाळीच्या साफसफाईनंतर माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत एक ठरलेली: सेट टॉप बॉक्सची आणि राउटरची पिन एकसारखी, साफसफाईत दोन्ही अ‍ॅडॅप्टरांची अदलाबदल, आणि ९ व्होल्टच्या राउटरला १२ मिळाले किंवा उलट. कमी मिळाले तर तो अधूनमधून दम टाकतो, जास्त मिळाले तर काही दिवसांनी वास येतो.

नवा, नावाजलेला अ‍ॅडॅप्टर दोन-चारशे रुपयांत मिळतो. जुना कुंईऽ असा आवाज करत असेल, हात लावता येणार नाही इतका तापत असेल किंवा फुगला असेल, तर परीक्षा वगैरे काही नाही, आधी काढून टाका. राउटरची छोटी बॅटरी, म्हणजे मिनी यूपीएस वापरत असाल तर ती मधून काढून थेट लावून बघा. लोडशेडिंगच्या गावांत ती वरदान आहे, पण दोन-तीन वर्षांनी थकलेली मिनी यूपीएस राउटरच्या आजाराचं उत्तम सोंग आणते.

वायर लावा: सगळा निकाल इथेच लागतो

इतकं करूनही दुखणं राहिलं असेल तर लॅनची एक चांगली वायर घ्या. दीड-दोनशे रुपये, कॅट ५ई किंवा कॅट ६ लिहिलेली, आतल्या तारा शुद्ध तांब्याच्या. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या स्वस्त वायरी फार आहेत, त्या नकोत.

वायर राउटरच्या लॅन पोर्टातून लॅपटॉपला लावा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. दुखण्याच्या वेळी, म्हणजे रात्री नऊलाच, स्पीड टेस्ट करा. मग वायर काढून, राउटरपासून दोन मीटरवर बसून, वायफायवर करा. मग दुखऱ्या खोलीत. तिन्ही आकडे कागदावर.

वायरवरही रडतंय? मग हवा निर्दोष. शक्य असेल तर वायर राउटर टाळून थेट फायबरच्या डब्याला लावा. (काही कनेक्शनांत त्यासाठी लॅपटॉपवर पुरवठादाराचं नाव-पासवर्ड भरावं लागतं.) तिथेही रडलं तर लाइन किंवा पुरवठादार दोषी आहे, आणि तुमचे राउटरचे पैसे वाचले. एका फायबरवर एक्स्चेंजकडून येणारा साधारण अडीच गिगाबिटचा प्रवाह ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो. पुढची वाट अरुंद ठेवली असेल तर रात्री सगळेच अडकतात, आणि त्यात तुमच्या राउटरचा काडीचाही दोष नसतो.

वायरवर उत्तम, राउटरजवळच्या वायफायवरही उत्तम, दुखऱ्या खोलीतच वाईट? भिंत. वायरवर उत्तम आणि राउटरजवळही वायफाय वाईट? रेडिओ किंवा गर्दी. पुढचा भाग तुमच्यासाठी. थेट डब्याला उत्तम आणि राउटरमधून वायरने वाईट? आता कुठे राउटर पहिल्यांदा आरोपीच्या पिंजऱ्यात येतो.

आणि ते ९४. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला त्यांतल्या चार पुरतात, १००० ला आठही लागतात. म्हणून उरलेल्या चारांतली एखादी तार तुटली किंवा प्लगमध्ये नीट चेपली नसली तरी नेट चालूच राहतं, फक्त गुपचूप शंभरावर उतरतं, आणि शंभराच्या पोर्टातून प्रत्यक्ष ९४-९५ च मिळतात. लॅपटॉपवर जोडणीचा वेग १०० दिसतो की १०००, ते बघा. आधी वायर बदला. नवी वायर लावूनही १०० च असेल तर राउटरच्या पोर्टांची माहिती वाचा. 'फास्ट इथरनेट' किंवा '१०/१००' असेल तर ती त्याची जन्मजात मर्यादा. प्लॅन मोठा असेल तर तो राउटर खरोखर बदलायचा. फक्त आधी एक प्रश्न: तुम्हाला ९४ च्या वर हवेत का? नेटफ्लिक्स स्वतः ४के साठी १५ आणि फुल एचडीसाठी ५ मागतं. चार माणसांच्या घराला ९४ पुष्कळ होतात. स्वस्तातला उपाय प्लॅन कमी करण्याचा असू शकतो, हे दुकानदार सांगणार नाही.

ज्यांना कॉम्प्युटरची भीती नाही त्यांच्यासाठी अजून एक. लॅपटॉपवर दोन कमांड खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१) सतत पिंग करत ठेवा (म्हणजे 'आहेस का?' विचारून उत्तर किती वेळात येतं ते मोजा), दुसरीत ८.८.८.८ ला (हा गूगलचा, घराबाहेरचा पत्ता). नेट अडकलं की दोन्हींकडे बघा. पहिलीत उत्तर एक ते पाच मिलिसेकंदांत येत असेल आणि दुसरी अडखळत असेल, तर घर ठीक, बाहेर गडबड. पहिलीच अडखळत असेल तर गडबड घरात. या एका खेळाने मी पुरवठादाराच्या माणसाशी होणारे वाद निम्म्यावर आणलेत, कारण समोर आकडे पळत असताना "तुमचा राउटरच जुना आहे" म्हणणं त्याला जड जातं.

गर्दी

शहरातल्या इमारतीत फोनवर वायफायची यादी उघडा. वीस-पंचवीस नावं दिसतील. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच: १, ६ आणि ११. बाकी सगळी दाटीवाटी. वायफाय पाहणारं एखादं फुकट अ‍ॅप घ्या, तिन्हींतली रिकामी वाट शोधा, राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) तीच कायम करा. रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ करा. आकडा कमी दिसेल, पण अडकणं कमी होईल. गर्दीच्या बोळात रुंद गाडी घेऊन घुसण्यात शहाणपण नाही.

त्याहून चांगलं म्हणजे जवळची उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर न्या. तिथे वाटा बऱ्याच आहेत आणि भिंती शेजाऱ्यांचा सिग्नल बाहेरच थोपवतात. चाचणीपुरती दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्या, म्हणजे कोण कुठे बसलंय ते कळेल. वाट ३६ ते ४८ मधली किंवा १४९ च्या पुढची ठेवा. मधल्या वाटा रडारसोबत वाटून घेतलेल्या आहेत. राउटरला रडारचा भास झाला तरी तो ती वाट सोडून पळतो आणि तुमचं नेट मिनिटभर जातं.

राउटरच्या पानावर गेलाच आहात तर जोडलेल्या उपकरणांची यादी वाचा. एका घरी २३ उपकरणं निघाली, त्यांतली नऊ समोरच्या हॉस्टेलची. पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बंद करा, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती असेल तर भरा. ती भरताना वीज जाता कामा नये. लोडशेडिंगच्या वेळेला हे काम काढू नका. फोटो चढवण्याने तुंबत असेल तर ते काम रात्री दोनवर टाका, किंवा राउटरमध्ये अपलोडला मर्यादा घालायची सोय असेल तर ती वापरा.

मग बदलायचा कधी

माझ्याकडून 'बदला' हा शब्द पुढच्या वेळांनाच निघतो. पोर्ट १०० चे आणि प्लॅन खरोखर वापरात असलेला २०० किंवा वर. राउटरला ५ गिगाहर्ट्झच नाही आणि आजूबाजूला वीस वायफाय. अ‍ॅडॅप्टर बदलला, जागा बदलली, तरी वायरवर राउटर कोसळतो. मे-जूनमधल्या विजांनंतर बाहेरच्या वायरचा पोर्टच मेला. गच्चीवरून तांब्याची लॅन वायर आलेल्या इमारतींत हे दरवर्षी होतं. आणि शेवटचं, लोक ज्याकडे दुर्लक्ष करतात ते: कंपनीने कित्येक वर्षांत सॉफ्टवेअर दिलेलं नाही. २०१७ मध्ये वायफायच्या डब्ल्यूपीए२ या कुलपामधलं 'क्रॅक' नावाचं भोक उघडं पडलं, ते बुजवायला उपकरणांना नवी आवृत्ती लागली. ज्यांना ती मिळालीच नाही असे राउटर अजून घराघरांत आहेत. वेग चांगला असला तरी असा राउटर जाऊ द्या.

डबा पुरवठादाराने दिलेला असेल तर आधी त्याच्याकडेच बदलून मागा. पुष्कळदा तो त्यांच्याच मालकीचा असतो.

विकत घेताना: दोन पट्टे, सगळे पोर्ट गिगाबिट, वायफाय ६. एवढं पुरे. वायफाय ५ साधारण २०१३ पासूनचं, वायफाय ६ ची प्रमाणपत्रं २०१९ मध्ये सुरू झाली, वायफाय ७ ची जानेवारी २०२४ मध्ये. घरात ७ वालं एकही उपकरण नसताना त्याचे पैसे देणं म्हणजे एसटीच्या रस्त्यासाठी रेसची गाडी घेणं. खोक्यावरचा आकडा दोन पट्ट्यांची बेरीज असते, तीही वर ढकललेली: १२०० म्हणजे ३०० अधिक ८६७. तुमचा फोन एका वेळी त्यातल्या एकाच पट्ट्यावर, आणि हातात त्याच्या साधारण निम्मं. शिंगं मोजू नका. एक मात्र नीट वाचा: फायबरच्या वेगळ्या डब्यापुढे लावायला 'वॅन' पोर्टचा (बाहेरून येणारी वायर लावायच्या) साधा राउटर हवा. टेलिफोन लायनीचा डीएसएलवाला मॉडेम स्वस्त दिसला म्हणून आणणारे अजून भेटतात.

मामांच्या चिऱ्याच्या घराचं सांगायचं राहिलं. तिथे नवा राउटर घेतलाच नाही. बदललेल्या दोनांपैकी एक माळ्यावर पडला होता. ओटीवरच्या राउटरपासून वीस मीटर लॅन वायर माजघरात नेली आणि माळ्यावरचा तिथे लावला: त्याचा पत्ता बदलला, पत्ते वाटायचं काम (डीएचसीपी) बंद केलं, वायर त्याच्या वॅनऐवजी लॅन पोर्टात खोचली. खर्च वायरीचा. बिनवायरीचा रिपीटर लावला असता तर त्याने आलेला वेग साधारण अर्धा करून पुढे दिला असता.

इथे हात जोडा

एलओएस लाल: पुरवठादार. राउटरच्या पानावर येणारी प्रकाशाची पॉवर दिसत असेल आणि ती उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) आसपास किंवा त्याखाली असेल, तरी पुरवठादारच. फायबर जोडायला यंत्र लागतं, ते तुमच्याकडे नाही आणि चिकटपट्टी हा त्याला पर्याय नाही. वायरवर थेट डब्याला दोन-तीन रात्री वाईट आकडे आले असतील, तर तारीख-वेळेसकट ते सांगा आणि तक्रार क्रमांक घ्याच. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांनुसार तक्रार आधी कंपनीच्या केंद्राकडे, मग कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाते, आणि क्रमांकाशिवाय पुढची पायरी चढता येत नाही.

राउटरच्या किंवा लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, प्लगपाशी जळका वास येत असेल, तर नेटचा विचार सोडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. लॅनची वायर विजेच्या २३० व्होल्टच्या पाइपातून ओढायची कल्पना सुचली तरी तेच: थांबा, वेगळा पाइप मागा. पावसात गच्चीवर चढून वायर हलवू नका. राउटर उघडून सोल्डरचा टाका मारायलाही जाऊ नका. ते काम हजार-दीड हजारांच्या वस्तूला परवडत नाही.

नवा राउटर घेतलाच, तर जुना काढण्याआधी पुरवठादाराला फोन करून तीन गोष्टी विचारा: जोडणीचं नाव-पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक (काही पुरवठादार जोडणीत भरायला लावतात तो) लागतो का, आणि त्यांनी जुन्या राउटरचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळखक्रमांक) बांधून ठेवलाय का. स्थानिक केबलवाल्यांकडे हे बांधणं सर्रास असतं. नवा राउटर लावला, सगळे दिवे हिरवे, आणि नेट नाही, असं झालं तर राउटर परत करायला दुकानात धावू नका. एक फोन आणि पाच मिनिटांचं काम असतं.

जुना चालू स्थितीत असेल तर माळ्यावर ठेवा, दुसऱ्या खोलीसाठी लागेल. भंगारवाल्याला देणार असाल तर मात्र आता टाचणी घ्या आणि ते मागचं बारीक भोक दहा सेकंद दाबून ठेवा. तुमचा पासवर्ड त्यातच बसलेला आहे.